लिबवाले

ऑफिसात आमच्या टीमला 'लिबवाले' म्हणतात. कॅन्टीनमध्ये कुणी "ही लिबवाली" अशी ओळख करून दिली, की समोरचा एक तर लगेच "नव्या कॉर्नरची लिब कधी देताय?" असं विचारतो, नाहीतर हसून मान डोलावतो आणि विषय बदलतो. तिसरी प्रतिक्रिया मी अजून पाहिलेली नाही. लिब ही वापरायची चीज आहे. ती कशी तयार होते, असं ज्याला विचारावंसं वाटतं तो बहुधा अडचणीत सापडलेला असतो.

लिब म्हणजे साधी मजकुराची फाइल. कुठल्याही एडिटरमध्ये उघडते, फक्त उघडायला वेळ लागतो, कारण आकार शेकडो मेगाबाइटचा. आत महिरपी कंस, सेलची नावं आणि ओळींमागून ओळी आकडे. चिपचा डिजिटल भाग ज्या छोट्या तयार सर्किटांतून रचतात ती म्हणजे स्टँडर्ड सेल: इन्व्हर्टर, नँड, नॉर, मक्स, फ्लिपफ्लॉप, आणि त्या प्रत्येकाच्या कमी-जास्त ताकदीच्या आवृत्त्या. एका लायब्ररीत असे सेल शेकड्यांनी असतात, मोठ्या लायब्ररीत हजारांनी. सेलचं इनपुट बदलल्यावर आउटपुट किती पिकोसेकंदांनी बदलतं, ते लिबमध्ये लिहिलेलं असतं. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ०.३ मिलिमीटर जातो.

हे आकडे स्पाइसमधून येतात. सर्किट सोडवणारा हा प्रोग्रॅम बर्कलीला लॉरेन्स नागेल या विद्यार्थ्याने प्रा. डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली लिहिला आणि तो १९७३ साली जगापुढे आला. ट्रान्झिस्टरची समीकरणं मांडून क्षणाक्षणाचं व्होल्टेज काढायचं, ही त्याची रीत आजही तीच आहे. पण कोट्यवधी सेलची अख्खी चिप स्पाइसमध्ये घातली तर उत्तर येईपर्यंत चिपची विक्री बंद झालेली असेल. म्हणून कामाची वाटणी झाली. एकेक सेल एकटा धरून स्पाइसमध्ये तपासायचा, त्याचे तक्ते करायचे, आणि टायमिंगच्या टूलने पूर्ण चिपसाठी त्या तक्त्यांतले आकडे घेऊन बेरीज करायची. तक्ते करणारे आम्ही. कामाचं नाव कॅरॅक्टरायझेशन. चिप फॅबला, म्हणजे ती बनवणाऱ्या कारखान्याला, पाठवण्याआधी टायमिंगवर सही करणारा माणूस आमच्या आकड्यांच्या भरवशावर सही करतो, आणि त्याने आमच्यापैकी कुणाला बघितलेलंही नसतं.

बंगळुरात नोकरीला लागले तेव्हा माझी समजूत होती की मी प्रोसेसर डिझाइन करणार. कोल्हापूरहून रात्रीच्या बसने इथे उतरणाऱ्या बहुतेकांची तशीच असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ साली या शहरात डिझाइन केंद्र काढलं, आणि तेव्हापासून इथे चिपच्या कामाची जी फांदी न फांदी वाढली त्यात ही आमची एक बारीक फांदी असेल, याची मला कल्पना नव्हती. आमचे सीनियर नागपूरचे. टीममध्ये मराठी आम्ही दोघंच. त्यांनी पहिल्या आठवड्यात माझ्यापुढे एक इन्व्हर्टर टाकला. दोन ट्रान्झिस्टर, बस. "टूल नाही वापरायचं," म्हणाले, "हाताने नेटलिस्ट लिही, हाताने मोज, आणि मग मला सांग याचा डिले किती."

मी मोजला आणि आकडा सांगितला. "कुठल्या लोडला?" त्यांनी विचारलं. मी लोड सांगितला. "इनपुटचा स्ल्यू किती दिला?" तोही सांगितला. "का बरं तेवढाच?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तिथून खरी शिकवणी सुरू झाली. इन्व्हर्टरच्या पुढे तारेची आणि पुढच्या सेलची जी कपॅसिटन्स आहे तो त्याचा लोड. मागून येणारा सिग्नल शून्यापासून पुरवठ्याच्या व्होल्टेजपर्यंत किती वेळात चढतो, तो स्ल्यू. दोन्ही बदलले की डिले बदलतो, आणि तो सरळ प्रमाणात बदलत नाही. म्हणून तक्ता करायचा: सात स्ल्यू, सात लोड, एकोणपन्नास उत्तरं. चढत्या सिग्नलसाठी वेगळी, उतरत्यासाठी वेगळी. शिवाय आउटपुटचा स्वतःचा स्ल्यू किती निघाला त्याचेही तक्ते, कारण तोच पुढच्या सेलचा इनपुट स्ल्यू होणार. टूलला मधला आकडा लागला तर ते शेजारच्या चार खणांतून अंदाज काढतं. त्यामुळे सात लोड कुठले निवडायचे हीसुद्धा कला आहे. आलेख जिथे वळतो तिथे खण दाट हवेत, जिथे सरळ जातो तिथे विरळ चालतात. पुष्कळ लोक खण समान अंतरावर टाकतात आणि मोकळे होतात. माझ्या मते तो आळस आहे.

त्या तक्त्यात वरच्या कोपऱ्यात, म्हणजे सगळ्यांत सुस्त स्ल्यू आणि सगळ्यांत हलका लोड जिथे भेटतात तिथे, माझा आकडा उणे आला. डिले उणे. इनपुट बदलायच्या आधीच आउटपुट बदललं! नेटलिस्ट दहा ठिकाणी तपासली. सर मागून येऊन उभे राहिले. "काय शोधून राहिली?" मी आकडा दाखवला. त्यांनी काही न बोलता वेव्हफॉर्म उघडायला सांगितला.

स्क्रीनवर निळी रेघ होती इनपुटची. संथपणे चढत होती. लाल रेघ आउटपुटची. आम्ही डिले मोजतो तो ५० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत: इनपुट पुरवठ्याच्या निम्म्यावर आलं की घड्याळ सुरू, आउटपुट निम्म्यावर आलं की बंद. पण ट्रान्झिस्टरला आमचे ५० टक्के काय माहीत? या इन्व्हर्टरमधला खालचा ट्रान्झिस्टर तगडा होता. इनपुट ३५-४० टक्क्यांवर पोचलं तेव्हाच त्याने आउटपुटला खाली खेचायला घेतलं, पुढे लोड जवळजवळ नव्हताच, त्यामुळे लाल रेघ झपकन कोसळली. निळी रेघ अजून निम्म्यापर्यंत रखडतच होती. आकडा बरोबर होता. विश्वात कार्याच्या आधी कारण नेहमीसारखंच आलेलं होतं. आमची मोजायची खूण तेवढी मधे होती. पुढे कित्येक नव्या मुलांनी मला घाबरून मेसेज केले आहेत, "उणे डिले येतोय, रन बिघडला का?" मी त्यांना वेव्हफॉर्म उघडायला सांगते.

स्ल्यूच्या बाबतीत तर खुणाच ठरलेल्या नाहीत. कुणी १० ते ९० टक्के मोजतं, कुणी २० ते ८०, कुणी ३० ते ७०. फाइलच्या वरच्या ओळींत ते लिहिलेलं असतं, आणि त्या ओळी वाचायचा कंटाळा असलेल्या माणसांमुळे बरीच भांडणं होतात. त्यातही इनपुटची रेघ खरी कशी असते? पूर्वी लोक पट्टीने आखल्यासारखी तिरकी रेघ द्यायचे. खऱ्या चिपमध्ये मागच्या सेलमधून येणाऱ्या सिग्नलला शेवटी एक शेपूट असते, व्होल्टेज पूर्ण वर पोचता पोचता मंदावतं. म्हणून आता बहुतेक ठिकाणी तशा शेपटीचा नमुना देतात. तोच सेल, तोच स्ल्यू, फक्त शेपूट लावली की डिले बदलतो. फार नाही. पण एका मार्गावर वीस-तीस सेल एकापुढे एक असतात, आणि प्रत्येक जण आपला वाटा घालतो.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते, कोल्हापूर-रत्नागिरी रूटवर त्यांची हयात गेली. दिवाळीला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "तू दिवसभर तिथं करतीस काय गं?" मी सांगितलं, एक छोटी वस्तू इकडून तिकडं निरोप पोचवायला किती वेळ घेते ते मोजते. ते म्हणाले, "मग आधी गाडीत माणसं किती हायत आणि आंबा घाट हाय का माळावरचा रस्ता, ते इचारावं लागंल की." लोड आणि स्ल्यू, दोन्ही त्यांनी एका वाक्यात विचारले. फक्त आमच्याकडे चढ जितका खडा तितकं बरं, हे त्यांना काही केल्या पटलं नाही.

हाताने एक सेल केल्यावर टूल मिळालं. टूल सेलचं फंक्शन वाचतं, कुठल्या इनपुटपासून कुठल्या आउटपुटपर्यंत वाट आहे ते काढतं, त्या वाटेला आम्ही आर्क म्हणतो, बाकीची इनपुटं कुठल्या स्थितीत धरली तर ती वाट उघडी राहते तेही शोधतं, आणि हजारो स्पाइस रन सर्व्हरच्या फार्मवर सोडून देतं. हे सगळं पुन्हा प्रत्येक कॉर्नरला, म्हणजे प्रोसेस, व्होल्टेज आणि तापमानाच्या प्रत्येक जुळणीला: प्रोसेस मंद, मध्यम, वेगवान, व्होल्टेज कमी, जास्त, तापमान उणे ४०, २५, १२५. एका लायब्ररीला लाखोंनी रन होतात. संध्याकाळी सोडायचे आणि सकाळी किती पडले ते बघायचं. सकाळचा पहिला तास लॉग वाचण्यात जातो. कुठे लायसन्स संपले म्हणून जॉब लटकलेला, कुठे डिस्क भरलेली, कुठे आउटपुट ५० टक्क्यांपर्यंत पोचलंच नाही म्हणून मोजणी नापास. या शेवटच्या प्रकारात कधी कधी खरी बातमी असते, पण ती डिस्क भरल्याच्या शेकडो ओळींखाली दबलेली असते.

बाकी सेलमध्ये एकदा रुळल्यावर फारसं काही उरत नाही. फ्लॉप मात्र मला अजून कंटाळा आणत नाही. फ्लिपफ्लॉप क्लॉकच्या ठोक्याला डेटा पकडतो. डेटा ठोक्याच्या किती आधी येऊन स्थिर झाला पाहिजे तो सेटअप, ठोक्यानंतर किती वेळ टिकला पाहिजे तो होल्ड. पुस्तकात या दोन रेषा असतात, अलीकडे पास आणि पलीकडे नापास. स्पाइसमध्ये तशी रेषा नाहीच. डेटा खूप आधी आला तर क्लॉकपासून आउटपुटपर्यंतचा वेळ ठरलेला असतो. डेटाला ठोक्याच्या जवळ सरकवत आणा. काही काळ काहीच फरक नाही. मग आउटपुट किंचित उशिरा येऊ लागतं. अजून सरकवा, उशीर वाढतो. आणखी थोडं, आणि आउटपुट मधेच, धड शून्य नाही धड एक नाही अशा व्होल्टेजवर अडकतं, डुगडुगतं आणि कुठल्या तरी बाजूला पडतं. मग ती रेषा कुठे मारायची? ती आपण मारायची. प्रचलित रीत अशी की आउटपुटचा उशीर नेहमीच्या वेळेपेक्षा १० टक्के वाढला की तिथे सेटअप. ते ठिकाण सापडावं म्हणून टूल पट्टा अर्धा अर्धा करत जातं: या टोकाला पास, त्या टोकाला नापास, मधे बघ, पास झाला तर दुसऱ्या अर्ध्यात बघ. तक्त्यातल्या एकेका खणासाठी असे कितीतरी रन. वर सेटअप मोजताना होल्ड भरपूर मोकळा दिलेला असतो आणि होल्ड मोजताना सेटअप. दोन्ही एकदम कमीत कमी दिले तर तोच फ्लॉप गडबडतो. हे टायमिंगवाल्यांना सांगितलं की ते म्हणतात, मग आम्ही काय धरायचं? त्यांचं बरोबर आहे. आमचंही बरोबर आहे.

मधे एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दोन दिवस शिकवायला गेले होते. पूर्वी हे शिकवणं अवघड होतं, कारण कुठल्याही फॅबची लायब्ररी गोपनीयतेच्या कराराशिवाय दाखवता येत नसे. २०२० साली गूगल आणि स्कायवॉटर या अमेरिकन फॅबने १३० नॅनोमीटरची प्रोसेस खुली केली आणि तिच्यासोबत स्टँडर्ड सेलची लिबसुद्धा. आता कॉलेजातला मुलगा लॅपटॉपवर खरी लिब उघडू शकतो. फाइलच्या नावातच कॉर्नर असतो: मध्यम प्रोसेस, २५ अंश, १.८० व्होल्ट, मंद प्रोसेस, १०० अंश, १.६० व्होल्ट, वेगवान प्रोसेस, उणे ४०, १.९५ व्होल्ट. मुलांनी पटकन नियम काढला: गरम आणि कमी व्होल्टेज म्हणजे मंद, थंड आणि जास्त व्होल्टेज म्हणजे वेगवान. मागच्या बाकावरच्या एका मुलीने यादी खालपर्यंत सरकवली आणि विचारलं, "मॅडम, मग ही मंदवाली उणे ४० ला का केलीये? १.२८ व्होल्टची?"

मला तिला उचलून बंगळुरात घेऊन जावंसं वाटलं. तापमान वाढलं की ट्रान्झिस्टरमध्ये दोन गोष्टी एकदम होतात. इलेक्ट्रॉनची वाट खडतर होते, म्हणजे सर्किट मंदावतं. आणि ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारं व्होल्टेज, थ्रेशोल्ड, खाली येतं, म्हणजे सर्किट वेगवान होतं. पुरवठा भरपूर असेल तर थ्रेशोल्ड थोडा इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही आणि पहिली गोष्ट जिंकते. पुरवठाच थ्रेशोल्डच्या जवळ आला, की थोड्या फरकाचाही मोठा परिणाम होतो, दुसरी जिंकते, आणि मग थंडीत सर्किट मंद होतं. जुन्या मोठ्या प्रोसेसमध्ये हे क्वचित दिसायचं. आज पुरवठा ०.८ व्होल्टच्या खाली गेलाय, तिथे हा रोजचा मामला आहे. तेव्हा 'सगळ्यांत वाईट कॉर्नर' नावाची वस्तू शोधायची तर आधी कशासाठी वाईट, ते सांगावं लागतं.

हेच मला पुढे मिक्स्ड-सिग्नलमध्ये जास्त जोरात भेटलं.

काही वर्षांनी माझ्याकडे स्टँडर्ड सेल सोडून ब्लॉक आले: अ‍ॅनालॉग सिग्नलचे डिजिटल आकडे करणारे एडीसी, क्लॉक तयार करणारे पीएलएल, सेन्सरचे इंटरफेस. हे ब्लॉक आतून अ‍ॅनालॉग असतात, पण चिपशी बोलतात डिजिटल पिनांवरून, आणि चिपच्या टायमिंग टूलला त्यांचीही लिब लागते. टूलसाठी तो काळा डबा. आत काय आहे ते कळायची गरज नाही, फक्त या पिनेवर डेटा कधी यावा, त्या पिनेवर उत्तर कधी मिळेल, कपॅसिटन्स किती, एवढं सांगा. पीएलएलच्या क्लॉकच्या पिनेबद्दल तर लिब जवळजवळ काहीच बोलत नाही. तो क्लॉक कुठल्या इनपुटमुळे 'इतक्या वेळाने' येत नाही, तो आतच तयार होतो. त्याची व्याख्या टायमिंगवाल्यांनी आपल्या फाइलमध्ये करायची, जिटर, म्हणजे ठोक्याचं थोडं मागेपुढे होणं, अनिश्चितता म्हणून वजा धरायचा. तरी दर प्रोजेक्टला कुणीतरी विचारतंच, "पीएलएलच्या लिबमध्ये जिटर कुठल्या ओळीत आहे?"

स्टँडर्ड सेलच्या टूलला इथे काही सुचत नाही. नँडचं फंक्शन एका ओळीत लिहिता येतं, एडीसीचं काय लिहिणार? पॉवर-डाउनची पिन शून्य धरायची, बायस चालू करायचा, बँडगॅप स्थिर होऊ द्यायचा, मोडचे बिट योग्य बसवायचे, मग कुठे ज्या फ्लॉपचा सेटअप मोजायचा त्याला क्लॉक मिळतो. म्हणजे कित्येक मायक्रोसेकंद सर्किट नुसतं चालवायचं आणि मग पाच-दहा पिकोसेकंदांचा फरक मोजायचा. तेही अर्धा अर्धा करत, पुन्हा पुन्हा. पूर्ण ब्लॉक लेआउटच्या सगळ्या रेझिस्टन्स-कपॅसिटन्ससकट असा चालवला तर एका खणाला दिवस जातो. म्हणून पिनेपासून पहिल्या फ्लॉपपर्यंतची आणि क्लॉकच्या पिनेपासून त्याच फ्लॉपपर्यंतची वाट कापून वेगळी काढतात आणि तेवढीच चालवतात. कापायचं कुठे, हे मात्र ब्लॉक ज्याने काढला त्याच्याशेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

त्यातल्या एका एडीसीचा डिझायनर कोइंबतूरचा, वयाने माझ्याहून बराच मोठा आणि लिबवाल्यांवर नाराज. त्याचं म्हणणं, मी सहा महिने मिलिव्होल्टचा हिशेब करून सर्किट काढतो आणि तुम्ही त्याचा एक चौकोन करून टाकता. त्यात तथ्य होतं. तरी त्याने स्किमॅटिक उघडून दाखवला. क्लॉक पिनेवरून ०.८ व्होल्टचा आत यायचा, लेव्हल शिफ्टरने १.८ व्होल्टवर चढायचा, अ‍ॅनालॉग पुरवठ्यावरच्या चार-पाच बफरांतून जायचा, आणि मग परत ०.८ वर उतरून कंट्रोलच्या फ्लॉपना मिळायचा. असं का? डिजिटल पुरवठ्यावर गोंगाट फार, सॅम्पलिंगचा क्लॉक त्यावर नेला तर जिटर वाढतो. म्हणून क्लॉक शांत पुरवठ्यावरून फिरवलेला. डेटाचे बिट मात्र पिनेवरून थेट फ्लॉपवर, सगळं ०.८ मध्ये.

माझ्या रनचे आकडे तेव्हा समोरच होते. होल्ड मंद कॉर्नरला बराच मोठा अधिक, वेगवान कॉर्नरला लहान. क्लॉक आत एवढा वळसा घालून येतो म्हटल्यावर ते साहजिक होतं: फ्लॉपला ठोका उशिरा मिळतो, तोवर डेटाने पिनेवर टिकून राहायला हवं. पण कॉर्नरची यादी बघितली की प्रत्येक ओळीत दोन्ही पुरवठे हातात हात घालून चाललेले. दोन्ही कमी, दोन्ही मध्यम, दोन्ही जास्त. यादी आधीच्या कुठल्याशा प्रोजेक्टवरून जशीच्या तशी उतरलेली, जिथे ब्लॉकला एकच पुरवठा होता. मी विचारलं, "१.८ कुठून येतो?" बोर्डवरच्या पॉवर चिपमधून. "आणि ०.८?" तो चिपच्या आतल्या रेग्युलेटरमधून, आणि गरजेप्रमाणे प्रोसेसर त्याला वर-खाली करतो.

म्हणजे एकाचा दुसऱ्याशी संबंधच नाही. १.८ घसरून १.६२ वर आलेला असताना ०.८ चढून ०.८८ वर असू शकतो. तेव्हा क्लॉकची वाट सगळ्यांत रेंगाळेल आणि डेटाची वाट सगळ्यांत जलद धावेल. होल्डसाठी याहून वाईट काय असेल? डिझायनर थोडा वेळ स्किमॅटिककडे बघत राहिला आणि म्हणाला की याहून वाईटही आहे. १.८ चे ट्रान्झिस्टर जाड ऑक्साइडचे, ०.८ चे पातळ ऑक्साइडचे. फॅबमध्ये दोघांच्या पायऱ्या वेगळ्या. जाड मंद निघाले म्हणून पातळही मंद निघतील, असा काही करार नाही. एकाच चकतीवर जाड मंद आणि पातळ वेगवान येऊ शकतात.

मग चार रन त्याच दुपारी त्याच्याच जागेवर बसून लावले. जाड मंद, पातळ वेगवान, १.६२ आणि ०.८८, तापमान दोन्ही टोकांचं, आणि तुलनेला तेच ट्रान्झिस्टर सरळ पुरवठ्यांवर. होल्डचा आकडा आमच्या यादीतल्या कुठल्याही कॉर्नरपेक्षा ठळकपणे मोठा आला. चिपच्या टीमने त्या पिनांवर ठेवलेली सवड त्यात कधीच बुडाली होती. आणि होल्ड चुकला तर क्लॉक हळू करून निभावत नाही. सेटअप चुकला तर फ्रीक्वेन्सी उतरवून चिप विकता तरी येते, होल्ड चुकलेली चिप कुठल्याही वेगाला चुकतेच.

टेपआउट, म्हणजे डिझाइन फॅबला पाठवायचा दिवस, जवळ आलेला. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न आला तो हा, की हा कॉर्नर 'खरा' आहे का. म्हणजे असं प्रत्यक्षात घडेल का, की लिबवाल्यांनी कागदावर जुळवलंय? आश्चर्य म्हणजे उत्तर मला द्यावंच लागलं नाही. लिबवाल्यांवर नाराज असलेला माणूस उभा राहिला आणि त्याने फळ्यावर दोन पुरवठे दोन वेगळ्या रंगांत काढून दाखवले. डिजिटल टीमने त्या पिनांवर डिले सेल घातले, जागा करण्यासाठी शेजारचे सेल हलवले, पुन्हा रूट केलं. त्यांच्या टीममधली एक मुलगी पुढचे काही दिवस माझ्याशी कॅन्टीनमध्ये बोलली नाही, ते मी समजू शकते.

त्यानंतर आमच्यात एक पद्धत पडली. नवा ब्लॉक आला की डिझायनर आधी पुरवठ्यांचा तक्ता पाठवतो: कुठला कुठून येतो, कुठला कुणाबरोबर हलतो, कुठला एकटा हलतो. मग कॉर्नर ठरतात. दोन स्वतंत्र पुरवठ्यांची दोन-दोन टोकं, दोन ऑक्साइडची दोन-दोन टोकं, दोन तापमानं, एवढ्यात बत्तीस जुळण्या होतात. त्यातल्या पुष्कळ डोळे मिटून गाळता येतात. सेटअपला कुठल्या हव्यात आणि होल्डला कुठल्या, हे वाटा बघितल्या की कळतं, आणि सात-आठांत काम भागतं.

यंदाच्या एडीसीत त्याच डिझायनरने तिसरा पुरवठा घातलाय, रेफरन्स बफरसाठी वेगळा १.२ व्होल्टचा. बत्तीसाचे चौसष्ट झाले. चिपची टीम म्हणते, आम्ही आठाच्या वर साइन-ऑफ करणार नाही, टूल चालवायला आमच्याकडे मशिनं नाहीत. डिझायनर म्हणतो, अकराच्या खाली मी सही करणार नाही. माझ्या हिशेबाने नऊ लागतात. त्यातला नववा उणे ४० चा आहे, आणि त्यावरून गुरुवारी पुन्हा बसायचं ठरलंय.